तोफेच्या तोंडी दिलेली कविता

आमच्या महाराजपूरच्या घराची वरची खोली आम्ही बरीच वर्षे कॉलेजच्या मुलींना भाड्याने देतो. कुणी सिवनीची, कुणी डिंडोरीची, कुणी दमोहची. मुली येतात, शिकतात, जाताना पाया पडतात आणि दिवाळीला फोन करतात. आमची दोन्ही मुले पुण्याला, त्यामुळे घरात तेवढीच जाग असते.

मागच्या पावसाळ्यात मंडल्याकडची एक मुलगी राहायला आली. बी. ए.चे पहिले वर्ष. अबोल, कामसू. माझी भाजी निवडून झाली की न सांगता कचरा उचलून नेणारी. ऑगस्टमध्ये एका रात्री असा पाऊस कोसळला की वरच्या खोलीचे छत गळू लागले. मी म्हटले, ‘‘अगं, गादी आण खाली, भिजेल.’’ ती धावत वर गेली आणि गादी नव्हे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही घेऊन खाली आली. गादी नंतर आली. ती अर्धी भिजलेली होती.

कुतूहल कुणाला सुटले आहे? दुसऱ्या दिवशी चहा देताना मी सहज विचारले, ‘‘वहीत एवढे काय आहे?’’ ती लाजली. खूप वेळाने म्हणाली, ‘‘काकी, कविता है. ऐसे ही.’’ कविता हिंदीत होत्या, पण मधे मधे आजीच्या तोंडचे गोंडी शब्द होते. वहीवर नाव मात्र नव्हते. कुठेही नव्हते. मी विचारले तर म्हणाली, ‘‘नाम किसलिए? हमारे में गाने वाले हुए हैं, काकी. लिखने वाला कोई नहीं हुआ.’’

वाचकहो, त्या वाक्यावर मी गप्प बसले. जबलपुरात येऊन मला चाळीस वर्षे झाली. सासरे इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत होते, म्हणून आमचे बिऱ्हाड इकडे आले. गोंड राजांच्या राजधानीत राहते, पण ‘नाही गं, तुझ्यातही लिहिणारे होऊन गेले’ असे म्हणायला माझ्याकडे एकही नाव नव्हते. दुपारी पुस्तके काढली, एकदोन जाणकारांना विचारले. आणि उत्तर सापडले ते आमच्या घरापासून एका रिक्षाच्या अंतरावर, मालगोदाम चौकात! तिथे ज्या बापलेकांचे स्मारक आहे, त्यांना आपण सगळे हुतात्मे म्हणून ओळखतो. राजा शंकरशहा आणि कुँवर रघुनाथशहा. दरवर्षी १८ सप्टेंबरला तिथे हार चढतात, भाषणे होतात. पण त्यांची नावे घेतली की आपल्या डोळ्यांपुढे तोफ येते. कागद येत नाही. आणि खरी गोष्ट त्या कागदाची आहे.

आधी थोडे मागे जाऊ या. जबलपूरचा गढा भाग ही गोंडांची जुनी राजधानी. सोळाव्या शतकात संग्रामशहाने बावन्न गढांचे राज्य उभारले. त्याची सून राणी दुर्गावती. महोब्याच्या चंदेल घराण्यातली ही मुलगी विधवा झाल्यावर लहानग्या मुलाच्या नावाने राज्य चालवत होती. अकबराचा सरदार आसफखान चालून आला, तेव्हा ती हत्तीवर बसून लढली आणि २४ जून १५६४ रोजी पकडले जाण्यापेक्षा तिने स्वतःच कट्यार खुपसून घेतली. आमच्या बाजूचा आधारताल हा तिच्या दिवाणाच्या, आधारसिंहाच्या नावाचा. राणीताल तिच्या नावाचा. १९८३ पासून इथले विद्यापीठही तिच्याच नावाने चालते. तलावाच्या काठी आपण भेळ खातो आणि नावाकडे बघतही नाही!

पुढची गोष्ट मराठी माणसाने जरा मान खाली घालून वाचावी अशी आहे. १७४२ मध्ये पेशवा बाळाजी बाजीराव मंडल्यावर चालून गेला. तिथला राजा महाराजशहा त्या लढाईत मारला गेला. मंडल्यासमोर नर्मदेच्या दुसऱ्या तीरावर जे महाराजपूर आहे, ते त्याचेच वसवलेले. आणि १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्यच बुडवले. पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांकडे. अटकेपार झेंड्याची गोष्ट मी मुलांना कितीदा सांगितली असेल. त्या झेंड्याखाली कुणाचे घर मोडले, हे कधी सांगितले नव्हते. सांगणार कशी? मलाच ठाऊक नव्हते.

तर १८५७ साली या बुडालेल्या राज्याचा वारस होता शंकरशहा. राज्य गेलेले, राजा ही पदवी तेवढी उरलेली. छावणीपासून काही मैलांवर गढ्याजवळच्या पुरवा गावात, थोडीशी जमीन आणि सरकारी पेन्शन यांवर तो राहत होता. वय झालेले, केस पांढरेशुभ्र. पण आसपासच्या जमीनदारांना आणि गोंडांना तो अजूनही राजाच होता. जबलपुरात तेव्हा ५२ वी नेटिव्ह इन्फन्ट्री ही हिंदी शिपायांची पलटण होती. मीरत, दिल्ली, कानपूरच्या बातम्या येत होत्या आणि शिपाई पुरव्याला जाऊन भेटू लागले होते. इंग्रजांना वास लागला. त्यांनी आपल्या एका माणसाला फकिराचा वेश देऊन राजाकडे पाठवले. दाराशी आलेल्या फकिरापाशी माणूस मन मोकळे करतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. राजाने मन मोकळे केले आणि १४ सप्टेंबरला घराला वेढा पडला. डेप्युटी कमिशनर क्लार्क स्वतः घोडेस्वार आणि पोलीस घेऊन गेला होता.

झडतीत काय सापडले? शस्त्रांचे कोठार नव्हे, खजिनाही नव्हे. सापडली एक रेशमी पिशवी आणि तिच्यात एक कागद. कागदाच्या एका बाजूला सरकारचाच जाहीरनामा होता. मीरतच्या उठावानंतर लोकांनी शांत राहावे म्हणून काढलेला. आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर राजाच्या हातची कविता! हिंदीतली, चंडीमातेला घातलेली हाक. चहाडखोरांचे तोंड बंद कर, शत्रूचा संहार कर, या शंकराचे आणि तुझ्या लेकरांचे रक्षण कर, असे तिचे मागणे. अशीच रचना मुलाच्या, रघुनाथशहाच्या अक्षरातही मिळाली.

आपल्याकडे आरतीसंग्रहात देवीपुढे शत्रूच्या नाशाचे मागणे कमी का आहे? पण त्या सप्टेंबरात इंग्रजांचे काळीज पाण्यासारखे पातळ झाले होते. कमिशनर अर्स्किनने त्या ओळी इंग्रजीत उतरवल्या. चौकशीचे सोपस्कार झाले, राजद्रोहाचा आरोप सिद्ध झाला असे ठरले. १४ सप्टेंबरला अटक आणि १८ सप्टेंबरला शिक्षा. चार दिवसांत सगळा निकाल! फाशीही नाही. भरदिवसा, लोकांच्या गर्दीसमोर, बापलेकांना तोफेच्या तोंडाशी बांधून उडवण्यात आले.

तिथे हजर असलेल्या एका इंग्रजाने नंतर जे लिहिले, ते आपल्या कुणी लिहिले असते तर अतिशयोक्ती वाटली असती. त्याने लिहिले की म्हातारा राजा ताठ पावलांनी तोफेकडे चालत गेला, त्याचे पांढरे केस आणि ते धैर्य पाहून जवळजवळ दया वाटावी असा तो क्षण होता. राणीने दोघांचे उरलेसुरले अवशेष गोळा केले. तोफ डागून दहशत बसेल असा इंग्रजांचा हिशेब होता. तो त्याच रात्री चुकला. ५२ वी पलटण छावणीतून निघून गेली आणि उठावात सामील झाली.

आता यातली गंमत म्हणा, नियती म्हणा, पाहा. राजाची कविता टिकली ती कुणामुळे? इंग्रजांमुळे! ज्यांना ती नको होती, त्यांनीच ती पुरावा म्हणून जपली, तिचे भाषांतर केले, अहवालात घातली. पुरव्याच्या घरात ती राहती तर वाळवीने खाल्ली असती, किंवा कुणी भीतीने चुलीत घातली असती. या माणसाने आयुष्यात आणखी काय काय रचले असेल, ते सगळे गेले. उरली ती फक्त गुन्हा ठरलेली कविता.

हे सगळे मी आमच्या मुलीला सांगितले. (आता ‘आमची मुलगी’च म्हणते, भाडेकरू म्हणवत नाही.) तिला शंकरशहा ठाऊक होता. कुठल्या गोंड घरात ठाऊक नाही? लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ती १८ सप्टेंबरचा कार्यक्रम पाहून गेली होती. ‘‘पर काकी, कविता के लिए?’’ असे तिने दोनदा विचारले. मग म्हणाली, ‘‘तो लिखने वाले थे.’’

‘गाने वाले हुए हैं’ हे तिचे म्हणणेही खोटे नव्हते. गोंडांचे भाट म्हणजे परधान. दर तीन वर्षांनी परधान आपल्या गोंड यजमानाच्या दारी जाई, तीन तारांचा बाना वाजवून बडादेवाला जागवी आणि यजमानाच्या कुळाची, जुन्या राजांची गाणी गाई. यजमान त्याला धान्य, वस्त्र, जमलेच तर गायवासरू देई. इतिहासाचे पुस्तक नव्हते, पण हे तोंडी पुस्तक दारात येऊन वाचून दाखवले जात होते. राज्ये गेली, यजमान गरीब झाले, तशी ही फेरीही विरत गेली.

आणि इथे एक मराठी माणूस भेटतो, तो मात्र मान वर करून सांगण्यासारखा. शामराव हिवाळे. व्हेरियर एल्विन हे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. १९३२ मध्ये एल्विन मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला येऊन राहिले, तेव्हा त्यांच्या जोडीला पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातले शामराव होते. दोघांनी शाळा काढली, दवाखाना काढला आणि गोंडांची गाणी टिपून घेतली. त्या गाण्यांचे इंग्रजी पुस्तक १९३५ मध्ये निघाले. परधानांवर शामरावांनी स्वतः लिहिलेला ग्रंथ १९४६ चा. एल्विन पुढे ईशान्य भारतात गेले, तिकडे नामवंत झाले. शामराव इथेच, पाटणगढला राहिले. त्याच पाटणगढातला परधान मुलगा जनगढसिंह श्याम पुढे चित्रकार झाला. बान्यावरच्या गाण्यांतले देव, हरणे, झाडे त्याने रंगात आणली आणि भोपाळच्या भारत भवनातून ती जगभर गेली. २००१ मध्ये जपानमध्ये त्याचा अकाली मृत्यू झाला. गाणारा हात रंगांकडे वळला, तसाच तो लेखणीकडेही वळणारच होता.

वळलाही, आणि तो आपल्या मराठीत! ही गोष्ट मला त्या मुलीला फार अभिमानाने सांगता आली. १९७९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. शहाद्याच्या भूमिहीन भिल्लांच्या लढ्यातून आलेले वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ चा. यवतमाळकडचे गोंड कवी भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ १९९० चा. भुजंग मराठीत लिहीत, पण गोंडी शब्द पाहुणे म्हणून नव्हे, तर घरचे म्हणून आणत. २००७ मध्ये ते फार लवकर गेले. उषाकिरण आत्राम गोंडी आणि मराठी दोन्हींत कविता लिहितात. नजुबाई गावित यांनी ‘तृष्णा’ ही आत्मकथनपर कादंबरी लिहिली, ती शाळा-कॉलेजच्या बळावर नव्हे. शेतमजुरीतून, चळवळीतून त्यांना अक्षरे सापडली. आपल्या कपाटात यांतले किती आहेत? माझ्या कपाटात एकही नव्हते. रविवारी पुण्याला फोन करून मुलाकडून मागवले.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असेही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात मापुचे नावाचे लोक आहेत. त्यांच्या भाषेत मापू म्हणजे भूमी आणि चे म्हणजे माणसे. भूमीची माणसे. स्पॅनिश फौजांना त्यांनी जवळजवळ तीन शतके आपल्या मुलखात पाय रोवू दिला नाही. शेवटी १८८३ पर्यंत चिलीच्या सैन्याने त्यांचा मुलूख घेतला आणि ते स्वतःच्याच जमिनीवर पोरके झाले. त्यांच्यातली एक बाई, ग्रासिएला विनाओ, १९५६ मध्ये देशाच्या दक्षिणेला ओसोर्नोकडे जन्मली. २००१ मध्ये तिचा ‘वालिंतो’ हा कवितासंग्रह आला. २०१० मध्ये तिने कादंबरी लिहिली ती राजाराणीची नव्हे, बदनाम घरात राहणाऱ्या आपल्या जमातीतल्या बायकांची, चुलीपाशी बसून सांगितल्यासारखी. आणि २०१४ मध्ये चिलीच्या भाषा अकादमीने तिला सदस्य करून घेतले. मापुचे स्त्रीला तिथे खुर्ची मिळाली ती पहिल्यांदाच. २०२० मध्ये एलिकुरा चिवाइलाफ या मापुचे कवीला त्या देशाचा राष्ट्रीय साहित्य पुरस्कार मिळाला. ज्यांच्या भाषेला एकेकाळी रानटी म्हटले, त्यांच्याच दारी सन्मान घेऊन जावे लागले.

आपल्याकडे काय आहे? गोंड स्वतःला कोइतूर म्हणतात. २०११ च्या जनगणनेत जवळजवळ तीस लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, छत्तीसगड, तेलंगणा अशी ती चार-पाच राज्यांत वाटली गेली आहे. कुठेच ती राज्याची भाषा नाही. संथाळी आणि बोडो यांना २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या परिशिष्टात जागा मिळाली. गोंडी अजून बाहेरच उभी आहे. आमच्या जबलपुराकडच्या बहुतेक गोंड घरांत तर ती आजीबरोबर संपत चालली आहे. आईला समजते, मुलीला चार शब्द येतात. ते चार शब्द एका वहीत लिहिलेले असतात आणि ती वही पावसात आधी वाचवावी लागते.

शंकरशहाच्या नावाचे आता पुष्कळ होते आहे. छिंदवाड्याच्या विद्यापीठाला त्याचे नाव आहे. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी जबलपुरात बापलेकांच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले. आनंद आहे. पण पुतळ्याला हार घालणे सोपे असते. वरच्या खोलीतल्या मुलीला ‘वाचून दाखव’ म्हणणे राहून जाते. पुतळा काही प्रश्न विचारत नाही. मुलगी विचारते.

तिने मला विचारलाच. मराठ्यांनी राज्य घेतल्याचे मी सांगितले, तेव्हा जरा थांबून म्हणाली, ‘‘काकी, ये आपको बुरा नहीं लगा बताते हुए?’’ मी म्हटले, लागले. पण न सांगते तर जास्त लागले असते. ती हसली. मग तिने एक कविता वाचून दाखवली. आजीच्या मोहफुलांच्या टोपलीवरची. सगळे शब्द मला कळले नाहीत. एक शब्द तिलाही आईला फोन करून विचारावा लागला, आणि आईने तो गावातल्या एका म्हातारीला विचारून संध्याकाळी कळवला. एका शब्दासाठी तीन पिढ्या कामाला लागल्या!

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाच म्हटले तर अजून ‘ना’ म्हणते. मी मागे लागत नाही. एक मात्र झाले आहे. परवा खोलीत झाडू मारायला गेले तर वही टेबलावर उघडीच होती, प्लॅस्टिकच्या पिशवीबाहेर. पहिल्या पानावर शाईने तिचे पूर्ण नाव लिहिलेले होते, आडनावासकट.

वाचकहो, तुमच्याही घरी, शेजारी, ऑफिसात अशी एखादी वही असेल. कामाला येणाऱ्या बाईच्या मुलाची असेल, वॉचमनच्या लेकीची असेल. ती कुणी लपवून ठेवली असेल तर चहाचा कप पुढे करून एकदा विचारून पाहा. तिच्यात चांगली कविता निघेल की नाही, ते सांगता येत नाही. पण शंकरशहाची कविता सर्वांत आधी मन लावून वाचली ती त्याच्या शत्रूने. निदान आता तरी पहिला वाचक आपल्यापैकी कुणी असावा.

छत दुरुस्त करून घेतले आहे, हे सांगायचे राहिलेच.